औषधासोबत झाडाची सावली : किती, कुठे आणि कशासाठी?

चेंबूरला राहणाऱ्या आणि फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबाचे काम पाहणाऱ्या ४१ वर्षांच्या एका भगिनींनी हा प्रश्न विचारला आहे. चिंता आणि नैराश्य यांसाठी त्या गेले आठ महिने औषध घेत आहेत. झोप पुष्कळ सुधारली आहे, अवेळी रडू येणे थांबले आहे, पण डोक्यातले विचारांचे चक्र थांबत नाही आणि कशातच मन रमत नाही. घरातली वडीलधारी मंडळी त्यांना सांगतात की गोळ्या आता पुरे, महिनाभर गावाला जाऊन राहा, हिरवळीत राहिलीस की आपोआप बरी होशील. निसर्गात वेळ घालवल्याने मनाला खरोखर फायदा होतो का, होत असेल तर किती वेळ द्यावा, लोकलने रोज ये-जा करणाऱ्या बाईने मुंबईत तो कुठे द्यावा, औषध बंद करता येईल का, आणि ११ वर्षांच्या मुलाला सोबत न्यावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी या शहरात पंचवीसहून अधिक वर्षे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे, आणि आपला हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. औषधाविषयीचा भाग सर्वांत निकडीचा असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो. औषध स्वतःहून बंद करू नका. आपण घेता त्या प्रकारातली बहुतेक औषधे एकदम थांबवली तर काही दिवसांतच चक्कर येणे, चिडचिड होणे, झोप उडणे, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास सुरू होऊ शकतात, आणि माणूस त्यांनाच आजार उलटला असे समजून घाबरतो. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तरी लक्षणे पूर्ण उतरल्यानंतर साधारणतः सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचे असते आणि मग ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करायचे असते. आपली लक्षणे अजून पूर्ण उतरलेली नाहीत, त्यामुळे गोळी की झाड अशी निवड करण्याची वेळ आपल्यावर आलेलीच नाही. दोन्ही एकत्र चालतात, आणि माझा अनुभव असा की गोळीने थोडी उभारी आल्यावरच झाडाचा उपयोग होऊ लागतो.

ही समजूत मला एका चुकीतून आली. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत तीव्र नैराश्य असलेल्या एका तरुण शिक्षिकेला मी मोठ्या विश्वासाने सांगितले होते की आठ दिवस माथेरानला जाऊन या, हवापालट होईल, मन हलके होईल. त्या गेल्या. परत आल्या तेव्हा आधीपेक्षा वाईट अवस्थेत होत्या. सगळे जण दरी पाहून आनंदाने ओरडत होते आणि आपल्याला मात्र आत काहीच हलत नव्हते, तेव्हा आपण आता माणसातच उरलो नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. सुंदर जागी जाऊन आनंद न होणे हा नैराश्याच्या आजाराचा गाभाच आहे, हे मी त्यांना निघण्यापूर्वी सांगायला हवे होते, आणि खरे तर त्या टप्प्यावर त्यांना पाठवायलाच नको होते. पुढे त्या औषधाने आणि समुपदेशनाने बऱ्या झाल्या. त्यानंतर मी कोणालाही निसर्ग हा शब्द उच्चारून लांब धाडलेले नाही. मी जवळची जागा सांगतो, थोडा वेळ सांगतो, आणि मनात काही वाटले नाही तरी चालेल हे आधीच बजावतो. आपल्या गावाच्या बेताविषयीही माझे मत यावरूनच बनले आहे. गावी जरूर जा, चार दिवस विसावा घ्या, पण उपचार म्हणून महिनाभर जाऊ नका. तिथून परतल्यावर तीच लोकल, तेच काम आणि तेच घर समोर असते, आणि तिथे मिळालेले बरेपण तिथेच राहते. आपल्याला हवे आहे ते रोजच्या आयुष्यात बसणारे काहीतरी.

आता फायदा खरोखर होतो का, याविषयी. होतो, पण तो कोणत्या वाटेने होतो हे समजले तर तो नेमका घेता येतो, म्हणून थोडे खोलात जातो.

आपण दिवसभर हिशेब तपासता. आकड्यांच्या रांगांवर लक्ष टिकवण्यासाठी मनाला आजूबाजूचे बोलणे, फोनची घंटी, कालचे भांडण, संध्याकाळच्या स्वयंपाकाची काळजी हे सगळे सतत मागे ढकलावे लागते. हे ढकलणे म्हणजे श्रमच आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८०च्या दशकात असा सिद्धान्त मांडला की प्रयत्नपूर्वक लावलेले लक्ष स्नायूसारखे थकते, आणि त्याला विश्रांती मिळण्यासाठी अशी जागा लागते जिथे नजर सहज गुंतते पण ओढली जात नाही. हलणारी पाने, पाण्यावरची तिरीप, ढगांची सरक, मुंग्यांची रांग या गोष्टी मनाला धरून ठेवतात आणि तरीही विचाराला जागा सोडतात. मोबाईलवरचे चित्र किंवा रहदारीचा चौकही नजर खेचून घेतो, परंतु तो मनाला मोकळे सोडत नाही. एक डोळा रस्त्यावर, एक सिग्नलवर ठेवावा लागतो. आपल्याला कचेरीतून सुटून घरी आल्यावर तासभर फोन पाहूनही थकवा जात नाही असे वाटत असेल, तर त्याचे मोठे कारण इथे आहे.

या सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी त्याच विद्यापीठात झालेला आणि २००८मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी रुग्णांना आवर्जून सांगतो. स्वयंसेवकांना एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा शहराच्या गजबजलेल्या भागातून जवळपास तासभर चालवून आणले, आणि आधी व नंतर त्यांना आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवायला सांगितले. झाडांमधून चालून आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली, शहरातून चालून आल्यावर तशी सुधारली नाही. त्यातले काही जण कडाक्याच्या थंडीत चालले होते, त्यांना ते चालणे मुळीच सुखाचे वाटले नव्हते, तरी लक्षाचा फायदा त्यांनाही मिळाला. नैराश्य असलेल्या माणसाला मी हा प्रयोग यासाठी सांगतो की, आनंद झाला नाही म्हणजे उपयोग झाला नाही असे मुळीच नसते. आपल्याला सध्या कशात रमता येत नाही, हरकत नाही. रमण्याची अट घालू नका.

दुसरी वाट आपल्या मुख्य तक्रारीशी जोडलेली आहे. तेच तेच विचार पुन्हा पुन्हा वर काढून चघळत बसण्याला आपल्या भाषेत रवंथ हा फार नेमका शब्द आहे. मी असे का बोलले, त्यांना काय वाटले असेल, माझ्याकडूनच नेहमी असे का होते, हे रवंथ नैराश्याला खतपाणी घालते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये ३८ निरोगी शहरवासीयांवर केलेल्या अभ्यासात काही जण गवताळ टेकड्या आणि ओकच्या झाडांमधून ९० मिनिटे चालले, तर काही जण वर्दळीच्या हमरस्त्याच्या कडेने तेवढाच वेळ चालले. पहिल्या गटाचे रवंथ थोडे कमी झाले, आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या, अशा आत्मदोषाच्या विचारांशी संबंधित असलेल्या एका छोट्या क्षेत्राची सक्रियताही उतरली. रस्त्याकडेने चाललेल्यांत तसा बदल दिसला नाही. अभ्यास लहान आहे, एकाच फेरीचा आहे, आणि त्यावरून आजार बरा होतो असे कोणी म्हणू नये. पण चालणे दोन्ही गटांनी केले होते आणि फरक जागेने पडला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरी वाट शरीराची आहे. सतत ताणात असलेल्या माणसाचे शरीर जणू कोणत्याही क्षणी धावावे लागेल अशा तयारीत असते. खांदे वर ओढलेले, श्वास उथळ, जबडा घट्ट. मोकळ्या हिरव्या जागेत ही तयारी हळूहळू उतरते. २०१९मध्ये मिशिगनच्याच एका गटाने ३६ शहरवासीयांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान तीनदा, दर वेळी किमान दहा मिनिटे निसर्गाचा सहवास घ्यायला सांगितले आणि लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजले. सर्वाधिक वेगाने घट २० ते ३० मिनिटांच्या सहवासात दिसली. त्यापुढेही फायदा होत राहिला, पण मंद गतीने. त्या मंडळींना घातलेल्या अटी मला आकड्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. त्या वेळात फोन करायचा नाही, समाजमाध्यमे पाहायची नाहीत, वाचायचे नाही, गप्पा मारायच्या नाहीत आणि दमछाक होईल असा व्यायामही करायचा नाही.

याखेरीज सकाळचा उजेड डोळ्यांवर पडल्याने झोपेचे घड्याळ जागेवर येते, पावलांना हालचाल मिळते, ओळखीचे चेहरे दिसू लागतात. हे सगळे फायदे निसर्गाचे की उजेडाचे की चालण्याचे, असा काटेकोर हिशेब संशोधकांनी करावा. रुग्णाला तो करण्याची गरज नाही.

किती वेळ द्यावा याविषयी सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा १२० मिनिटांचा आहे. मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९मध्ये दाखवले की आठवड्याला दोन तास किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांत प्रकृती उत्तम असल्याचे आणि मन समाधानी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा लक्षणीय अधिक होते. दोन तास एकदम दिले की तुकड्यांनी दिले, याने फारसा फरक पडला नव्हता. इथे एक सावधगिरी हवी. ज्यांची प्रकृती मुळातच बरी असते ते बाहेर अधिक जातात, त्यामुळे अशा पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. तो प्रश्न ज्या अभ्यासाने बऱ्यापैकी सोडवला, तो मला या सर्व संशोधनात सर्वांत मोलाचा वाटतो. फिलाडेल्फिया शहरात कचऱ्याने भरलेले ५४१ ओसाड भूखंड निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. काही भूखंडांवर कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, काहींवर फक्त कचरा काढला, काही होते तसेच ठेवले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हिरव्या केलेल्या भूखंडांच्या आसपास राहणाऱ्यांत उदास वाटण्याचे प्रमाण, होते त्याच स्थितीत ठेवलेल्या भूखंडांच्या शेजाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. नुसता कचरा काढल्याने तसा ठोस फरक पडला नाही. त्या लोकांना कोणी जंगलात नेले नव्हते, त्यांच्या दारासमोरचा तुकडा बदलला होता.

मुंबईकराला हे पटायला फार लांब जावे लागत नाही. धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, जिथे एके काळी शहराचा कचरा टाकला जात होता, तिथेच आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. सायनच्या बाजूने आत शिरल्यावर शंभर पावलांत रस्त्याचा आवाज मागे पडतो आणि पानांखालचा गारवा अंगाला लागतो. या शहरात माणसे निसर्ग म्हटले की महाबळेश्वर, कोकण किंवा किमान बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान डोळ्यांसमोर आणतात, आणि तेवढा वेळ व पैसा नसल्यामुळे काहीच करत नाहीत. राष्ट्रीय उद्यान ही मुंबईची फार मोठी ठेव आहे. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे जंगल, त्यात तुळशी आणि विहार हे तलाव, कान्हेरीची लेणी, असे भाग्य फार थोड्या महानगरांना लाभले आहे. पण चेंबूरहून तिथे जायला निम्मा दिवस मोडतो. ते महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारसाठी ठेवा.

आपल्या आठवड्यासाठी मी असे सुचवेन. आपली कचेरी फोर्टमध्ये आहे, म्हणजे हॉर्निमन सर्कलचे उद्यान, ओव्हल आणि क्रॉस मैदान यांतले काहीतरी चालत जाण्याच्या अंतरावर असणार. जेवणाच्या सुट्टीतली २५ मिनिटे, आठवड्यातून चार दिवस, त्यातल्या एकाच ठरलेल्या जागी द्या. उद्यानाच्या दुपारच्या वेळा आधी पाहून घ्या. चार दिवसांची १०० मिनिटे झाली. रविवारी सकाळी डायमंड गार्डनला किंवा चेंबूरच्या एखाद्या झाडांच्या गल्लीत ४५ मिनिटे चाला, म्हणजे दोन तासांचा आकडा ओलांडला. शनिवारी-रविवारी तीन तास देऊन बाकीचे पाच दिवस कोरडे काढण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते, कारण आपले रवंथ रोजचे आहे.

जागा एकच ठेवण्यावर माझा भर आहे, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी एका रुग्णाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्नीच्या निधनानंतर घरातून बाहेर पडणे सोडून दिलेले, पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ मुलीसोबत माझ्याकडे आले. औषध सुरू केले. महिन्याभराने भूक आणि झोप थोडी रुळावर आली, पण ते दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी त्यांना फिरायला जा असे म्हटले नाही. इमारतीच्या फाटकाजवळ एक पिंपळ होता आणि त्याच्या पाराला बसण्यापुरती जागा होती. सकाळचा चहा घरात न पिता पेला हातात घेऊन खाली यायचे, पारावर बसून तो संपवायचा आणि वर जायचे, एवढेच काम दिले. सोबत एक छोटी वही दिली. त्यात भावना लिहायची नव्हती, कालच्यापेक्षा आज वेगळे काय दिसले ते एका ओळीत लिहायचे होते. पहिल्या दोन आठवड्यांच्या पानांवर “काही नाही”, “चहा गार झाला”, “काही नाही” एवढेच होते. तिसऱ्या आठवड्यात “पाने गळाली, झाडू मारणारा कंटाळला” असे आले. चौथ्या आठवड्याच्या शेवटी, ते फाल्गुनाचे दिवस होते, त्यांनी लिहिले होते, “नवी पाने तांबूस आहेत. उन्हात आरपार दिसतात.” आणि त्याच्या खाली, “वाळक्या फांदीवर तांबट भोक पाडतो आहे.” मुलीने वही माझ्यापुढे ठेवली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. त्या ओळींत आनंद हा शब्द कुठेच नव्हता, पण भिंतीकडे वळलेली नजर बाहेर वळली होती, आणि आम्ही ज्याला सुधारणा म्हणतो ती बहुधा अशीच सुरू होते. पुढे ते तांबटाच्या घरट्यासाठी रोज खाली उतरू लागले, मग इमारतीतल्या दुसऱ्या एका आजोबांशी बोलू लागले, मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत जाऊ लागले. औषधही चालू होते आणि मुलीची मायाही होती, त्यामुळे सगळे श्रेय पिंपळाला मी देणार नाही. पण तीच जागा रोज पाहिल्याशिवाय पानाचा रंग बदललेला कळत नाही.

म्हणून आपणही एक झाड किंवा एक बाक ठरवून घ्या, आणि तशीच एक छोटी वही जवळ ठेवा. डबा खाऊन झाल्यावर फोन पिशवीत, आवाज बंद करून ठेवा. पाच मिनिटे नुसते ऐका. शहराच्या आवाजाखाली कावळा, बुलबुल, सूर्यपक्षी, तांबटाची ठोके घातल्यासारखी टुकटुक ऐकू येऊ लागते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे दयाळ गात असेल तर घरच्या खिडकीतूनही ऐकू येतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी सुमारे १३०० जणांकडून दिवसातून अनेकदा मोबाईलवर नोंदी घेऊन २०२२मध्ये दाखवले की पक्षी दिसले किंवा ऐकू आले त्या वेळी लोकांची मनःस्थिती बरी असे आणि तो परिणाम काही तास टिके. नैराश्याचे निदान झालेल्यांतही तो दिसला. मग एखादी गोष्ट जवळून पाहा. मे महिन्यात सोनमोहराखाली पडलेल्या पिवळ्या पाकळ्यांची घडी कशी चुरगळलेल्या कागदासारखी असते, ताम्हणाच्या फुलाचा जांभळा रंग दिवसागणिक कसा फिका होत जातो, बहाव्याचे झुंबर वरून उमलते की खालून, असे साधे प्रश्न मनाला पुरतात. विचार येतीलच. त्यांना हाकलू नका, ते आले हे लक्षात आले की नजर पुन्हा फांदीवर आणा. हे शंभर वेळा करावे लागले तरी ते चुकले असे नाही.

जाण्याची इच्छा होईपर्यंत थांबू नका, कारण या आजारात इच्छा कृतीच्या मागून येते. ज्या दिवशी मुळीच उठवत नाही त्या दिवशी पाच मिनिटांसाठी जा, पण जा. सहकारी सोबत येऊ म्हणाल्या तर आठवड्यातला एक दिवस त्यांना द्या, उरलेले तीन स्वतःसाठी ठेवा, कारण कचेरीच्या गप्पा झाडाखाली गेल्या तरी कचेरीच्याच राहतात.

समुद्राचेही असेच आहे. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा कट्टा, वरळी, दादर, वांद्रे, या शहराला क्षितिज फुकट मिळालेले आहे आणि मोकळे क्षितिज पाहून छातीवरचा दाब कमी झाल्याचे रुग्ण वारंवार सांगतात. मात्र पावसाळ्यात भरतीच्या वेळी कठड्यावर किंवा खडकांवर मुळीच बसू नये. तुंबलेल्या पाण्यातून चालत जाऊन बागेत पोचण्याचा हट्टही नको, लेप्टोस्पायरोसिसचा धोका या शहरात खरा आहे. थंडीच्या महिन्यांत पहाटे हवा जड असते आणि धूर जमिनीलगत साठून राहतो, तेव्हा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. बाहेर पडणे शक्यच नसेल अशा दिवशी खिडकीतल्या कुंड्यांना कमी लेखू नका. तुळस, गवती चहा, जास्वंद यांना पाणी घालणे, वाळके पान खुडणे यातही तेच लक्ष लागते. १९८४मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून दाखवले होते की पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. घरात कोणी आजारी असेल तर त्यांचा पलंग खिडकीकडे वळवण्यासाठी मी नेहमी आग्रह धरतो, तो या अभ्यासामुळे.

औषध घेणाऱ्यांसाठी उन्हाविषयी एक सूचना आवश्यक आहे, कारण ती क्वचितच कोणी देते. लिथियम घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातले पाणी घामाने फार कमी झाले तर रक्तातली लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसली तर त्वरित डॉक्टरांना गाठावे. मनोविकारांवरील इतर काही औषधांनी घाम कमी येतो किंवा त्वचा उन्हाला लवकर भाजते. एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन टाळणे, पाणी जवळ ठेवणे आणि आपले औषध यांपैकी आहे का हे आपल्या डॉक्टरांना विचारणे, एवढे करावे.

आणि काही लक्षणे अशी आहेत, की ती दिसल्यावर बाग, समुद्र, गाव कशाचाही विचार न करता आधी उपचारांकडे वळावे. जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, मरणाचे विचार येणे, अनेक दिवस अन्न न जाणे, झोपेशिवाय दिवस काढूनही थकवा न वाटणे, भास होणे. अशा वेळी त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

सहा आठवडे हे करून पाहा आणि वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. त्यांना मिनिटांचा हिशेब दाखवण्यापेक्षा रात्री झोप लागायला किती वेळ लागतो, रवंथ दिवसातून साधारण केव्हा सुरू होते आणि केव्हा सुटते, हे सांगा. फरक नसेल तर औषधाची मात्रा किंवा समुपदेशनाचा प्रकार बदलण्याचा विचार ते करतील. त्यात आपले काही चुकले असे समजू नका.

राहिला मुलाचा प्रश्न. डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१९मध्ये असे दिसले की लहानपणी घराभोवती हिरवाई सर्वांत कमी असलेल्यांना पुढे अनेक मनोविकारांचा धोका अधिक होता. आर्थिक स्थिती आणि घरातला आजाराचा इतिहास लक्षात घेऊनही हा संबंध उरला. त्यामुळे मुलाला रविवारी जरूर न्या. त्याला झाडांची नावे पाठ करायला लावू नका, चिखलात हात घालू द्या, दगड उचलून खाली काय आहे ते पाहू द्या, आणि त्याने काही दाखवायला हाक मारली तर वाकून पाहा. आठवड्यातल्या चार दुपारी मात्र तो शाळेत असेल आणि आपण आपल्या बाकावर एकट्या असाल. त्या २५ मिनिटांत घरी फोन करून त्याने डबा खाल्ला का हे विचारायचे नाही.